द्राक्षांवरचं औषध, बंबातलं प्लास्टिक आणि काळे पडलेले शेंगदाणे

सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. घरची दोन एकर द्राक्षबाग, दावणीला एक म्हैस, सहा वर्षांची मुलगी. पुतण्या बारावीचा अभ्यास मोठ्यानं वाचत होता, त्यात ‘घातक सेंद्रिय संयुगे’ हे शब्द कानावर पडले आणि त्या चक्रावल्या. सेंद्रिय तर चांगलं असतं ना, मग ते घातक कसं? पुढे त्यांनी विचारलंय: आपल्याच बागेतली द्राक्षं मुलीला द्यावीत का? मीठ-सोड्याच्या पाण्यात धुतली की औषध जातं का? सासूबाई पाणी तापवायचा बंब पेटवताना प्लास्टिकच्या पिशव्या घालतात, त्यानं काही होतं का? आणि यातल्या नेमक्या कशाला घाबरायचं?

ताई, मी २२ वर्षं शेतमालातले रेसिड्यू, म्हणजे फवारलेल्या औषधाचे मागे उरलेले अंश, तपासण्याचं काम केलंय. त्यातली बहुतेक वर्षं तुमच्याच भागातली द्राक्षं आणि बेदाणा हाताखालून गेला. आमच्याकडे येणारी माणसं ज्याला घाबरतात ते बऱ्याचदा आटोक्यात असतं, आणि ज्याची कुणाला भीतीच वाटत नाही ते घरात उघड्यावर पडलेलं असतं. त्यामुळे तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे मी पुन्हापुन्हा येणार आहे.

आधी शब्दाचा गुंता. ‘सेंद्रिय’ हा शब्द आपण दोन वेगळ्या अर्थांनी वापरतो. रसायनशास्त्रात सेंद्रिय म्हणजे ज्याचा सांगाडा कार्बनचा आहे ते. असे पदार्थ फक्त सजीवांच्या अंगातच तयार होतात असं एके काळी मानत, म्हणून ते नाव पडलं. १८२८ साली फ्रेडरिक व्होलर या जर्मन शास्त्रज्ञानं प्रयोगशाळेत युरिया बनवून दाखवला आणि तो समज मोडला. नाव मात्र तसंच राहिलं. म्हणजे रसायनशास्त्राच्या हिशेबात युरिया सेंद्रिय आणि आपल्या बांधावर तो ‘रासायनिक खत’. उलट बोर्डो, म्हणजे मोरचूद आणि चुना, यात सेंद्रिय संयुगाचा कणही नाही, तरी सेंद्रिय शेतीत ते ठरावीक मर्यादेत चालतं. साखर, तूप, हळदीतलं कर्क्युमिन ही सेंद्रिय संयुगं. डीडीटी, एंडोसल्फान, मोनोक्रोटोफॉस हीही सेंद्रिय संयुगंच. तेव्हा नावावरून काही ठरवू नका. पदार्थ किती पोटात जातो आणि गेल्यावर अंगात किती दिवस मुक्काम करतो, हे पाहायचं.

आता द्राक्षं. आपल्याकडे फवारणीला ‘औषध मारणं’ म्हणतात. हा शब्द मला नेहमी खटकतो, कारण औषध म्हटलं की हात सैल सुटतो. डाऊनी, भुरी या बुरशीच्या रोगांना एकेक, थ्रिप्स, मिलीबग या किडींना एकेक. फळछाटणीपासून काढणीपर्यंत किती फवारण्या होतात हे तुम्ही घरात बघताच. यातली काही औषधं स्पर्शजन्य असतात, ती मण्याच्या सालीवरच बसतात. काही आंतरप्रवाही असतात. ती पानातून, सालीतून आत शिरतात आणि झाडाच्या रसाबरोबर फिरतात. धुण्याचा उपयोग पहिल्या प्रकारालाच होतो. दोन लिटर पाण्यात २० ग्रॅम, म्हणजे साधारण चार चहाचे चमचे, खायचा सोडा घालून १२ ते १५ मिनिटं फळ बुडवून ठेवलं आणि मग स्वच्छ पाण्यानं धुतलं तर सालीवरचं बरंचसं निघतं, नुसत्या पाण्यापेक्षा जास्त निघतं. आत शिरलेलं मात्र ना सोड्यानं निघतं, ना मिठानं, ना बाजारात मिळणाऱ्या कुठल्या महागड्या यंत्रानं. द्राक्षाच्या मण्यावर जो पांढुरका थर दिसतो तो मेणाचा असतो, द्राक्ष तो स्वतःच तयार करतं. लोक त्यालाच औषध समजून घासत बसतात. तो राहू द्या.

आत शिरलेल्याला उपाय एकच, दिवस. फवारलेलं औषध ऊन, झाडातली विकरं आणि मण्याची वाढ यांमुळे कमी होत जातं. समजा एखाद्या औषधाची निम्मी मात्रा संपायला ५ दिवस लागतात आणि फवारणीच्या दिवशी मण्यात ते २ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत दोन भाग, आहे. ५ दिवसांनी १, १० दिवसांनी ०.५, १५ दिवसांनी ०.२५. थंडी कडक असली की हा वेग मंदावतो. म्हणून प्रत्येक औषधाला काढणीपूर्व कालावधी ठरवून दिलेला असतो, ज्याला शेतकरी पीएचआय म्हणतात. एखाद्याला १५ दिवस, एखाद्याला ४५, एखाद्याला ६०. हा आकडा पाळला तर निम्मी भीती तिथेच संपते. युरोपात ज्या औषधाला वेगळी मर्यादा ठरवलेली नाही त्याला ०.०१ पीपीएमची मर्यादा लागते. म्हणजे १० टन द्राक्षांच्या ट्रकमध्ये एक दशांश ग्रॅम, चिमटीत मावेल त्याहूनही कमी. आमचं मशीन एवढं शोधू शकतं.

एमआरएल, म्हणजे रेसिड्यूची ही कायदेशीर कमाल मर्यादा, ओलांडली म्हणजे ते फळ विषारी झालं, असाही समज आहे. तसं नाही. औषध शिफारशीप्रमाणे मारलं तर शेवटी जेवढं उरेल त्याच्या आसपास ही रेषा आखलेली असते. ती ओलांडली म्हणजे कुणीतरी दिवस पाळले नाहीत किंवा मात्रा वाढवली. आरोग्याची रेषा वेगळी असते: जनावरांवरच्या प्रयोगात जेवढ्या डोसानं काहीच परिणाम दिसत नाही, त्याचा साधारण १०० वा भाग माणसाला रोजचा चालेल असं धरतात. एमआरएलच्या थोडं वर गेलेलं द्राक्ष खाल्लं म्हणून मूल आजारी पडत नाही. पण बागायतदार शिस्त सोडतोय हे ते सांगतं, आणि शिस्त सुटली की पुढे काय काय सुटेल याचा भरवसा नाही.

२०१० चा हंगाम मी विसरू शकत नाही. एप्रिल छाटणीनंतर वेलीचा शेंडा फार धावू नये, डोळ्यात घड धरावा, म्हणून आपल्याकडे सीसीसी सर्रास मारत. म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड. लिहोसीन म्हटलं की तुमच्या सासऱ्यांना लगेच आठवेल. ते कीटकनाशक नाही, बुरशीनाशक नाही, त्यामुळे त्याला कुणी विषाच्या रांगेत धरतच नव्हतं. आणि आम्ही ज्या रसायनांच्या यादीप्रमाणे द्राक्षं तपासत होतो त्या यादीतही ते नव्हतं. माल पास होऊन युरोपात गेला आणि तिथल्या तपासणीत क्लोरमेक्वाट सापडलं. तिथली मर्यादा ०.०५ पीपीएम होती. मालाचे कंटेनर अडकले, भाव कोसळले. माझ्या टेबलासमोर एक बागायतदार आमचाच रिपोर्ट हातात धरून उभे होते. ‘साहेब, तुम्हीच तर पास म्हणून लिहिलंय.’ लिहिलं होतं, आणि खोटंही नव्हतं. जे शोधलं ते सापडलं नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ होता.

हे कसं घडतं ते सांगतो, कारण ‘रेसिड्यू फ्री’ असा शिक्का पाहून तुम्हीही माल घेत असाल. आम्ही द्राक्षं सालीसकट मिक्सरमधून काढतो. त्यातला १० ग्रॅम लगदा नळीत घेऊन त्यावर १० मिलिलिटर इथिल ॲसिटेट घालतो. नेलपॉलिशसारखा वास येतो तेच ते द्रावण. मग नळी जोरात हलवून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायची. लगदा आणि पाणी खाली, स्वच्छ द्रावण वर. बहुतेक कीटकनाशकं या वरच्या थरात येतात, त्यातला एक थेंब मशीनमध्ये गेला की संगणकाच्या पडद्यावर एकेका रसायनाचं टोक उभं राहायला लागतं. क्लोरमेक्वाट मात्र मिठाच्या जातीचं रसायन. मीठ तेलात विरघळत नाही तसं तेही वरच्या थरात येत नाही, खालच्या पाण्यातच बसून राहतं. आम्ही तो खालचा थर फेकून देत होतो. त्याला वेगळी पद्धत लागते. पुढे ते यादीत आलं, पद्धत बसली आणि शेतकऱ्यांनीही ते सोडलं. तेव्हापासून कुणी रिपोर्ट दाखवला की मी पहिल्यांदा मागच्या पानावरची यादी बघतो. किती रसायनं तपासली आणि कोणती, हे तिथे लिहिलेलं असतं. शिक्क्यापेक्षा ते पान बोलकं.

बेदाण्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण घरी होत असणार. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. पाणी उडून जातं, सगळंच रसायन काही उडत नाही; तेव्हा द्राक्षात जे उरलं होतं ते बेदाण्यात दाट होतं. बाजारात चालली नाहीत म्हणून, किंवा पीएचआय पूर्ण व्हायच्या आत पावसाच्या भीतीनं उतरवलेली द्राक्षं बेदाण्यासाठी वाळवायच्या रॅकवर टाकायची सवय त्यामुळे वाईट. द्राक्षं वाळवण्याआधी ज्यात बुडवतात त्या डिपिंग ऑइलला घाबरू नका. त्यातला इथिल ओलिएट हा चरबीच्या आम्लापासून बनलेला पदार्थ आहे, पोटाला त्याचा त्रास नाही. गंधकाची धुरी हा वेगळा विषय, ते सेंद्रिय नव्हे. पण घरात कुणाला दमा असेल तर धुरी दिलेला पिवळा बेदाणा त्याच्यापासून दूर ठेवा.

खाणाऱ्यापेक्षा मारणाऱ्याला धोका कितीतरी जास्त. द्राक्षात औषध पीपीएममध्ये मोजतात. तुमचे मालक बाटलीतून ओततात तेव्हा ते टक्क्यांमध्ये असतं. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधं नसांचा संदेश थांबवणारं विकर बंद पाडतात. मग तोंडाला फेस, घाम, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, छाती भरून येणं. हे विष कातडीतूनही आत जातं. ब्लोअर, म्हणजे फवारणीचं यंत्र, मारून आल्यावर त्यांचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नका, आणि मुलीला उचलून घेण्याआधी त्यांनी आंघोळ करावी. रिकामी बाटली तीनदा खळखळून ते पाणी पंपात ओतायचं, मग बाटलीला भोकं पाडायची. २०१३ च्या जुलैत बिहारच्या सारण जिल्ह्यातल्या शाळेत पोषण आहार खाऊन २३ मुलं गेली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस सापडलं होतं. माळ्यावर थायमेटची जुनी पिशवी पडली असेल तर तीही बघा. थायमेट म्हणजे फोरेट, ३१ डिसेंबर २०२० पासून त्याच्यावर देशात बंदी आहे. उसाच्या सरीत टाकायला आणलेलं राहिलेलं औषध कितीतरी घरांत अजून तसंच असतं. ती पिशवी उकिरड्यावर किंवा विहिरीकडेला टाकू नका, तालुक्याच्या कृषी कार्यालयात विचारून मगच तिची विल्हेवाट लावा.

आता बंब. इथे मी जरा आग्रहानं बोलणार आहे, सासूबाईंचा राग येऊ देऊ नका. ओली लाकडं पेट घेत नाहीत, चिपाडं धुमसतात, पिशवी घातली की झपकन जाळ होतो. माझी आईही तेच करायची. दुधाची पिशवी पॉलिथिनची असते, त्यात क्लोरीन नसतं. पण बंबात नुसती पिशवीच कुठे जाते? तुटकी चप्पल जाते, रेक्झीनचा तुकडा जातो, पीव्हीसी पाइपचा उरलेला भाग जातो, मोटारीची जुनी वायर जाते, कधी तांबं काढून घ्यायचं म्हणून मुद्दाम जाळली जाते. पीव्हीसीत क्लोरीन भरपूर. धूर २०० ते ४५० अंशांच्या दरम्यान थंड होत जातो तेव्हा कार्बन आणि क्लोरीन मिळून डायॉक्सिन नावाची घातक सेंद्रिय संयुगं तयार होतात, आणि तांबं असलं की ते काम आणखी जोरात होतं. कारखान्याच्या भट्टीत ८५० अंशांच्या वर आग ठेवून ते मोडतात. बंबात तेवढी धग सगळीकडे कधीच होत नाही.

डायॉक्सिन पाण्यात विरघळत नाही, चरबीत साठतं, आणि माणसाच्या अंगातून निम्मं कमी व्हायला ७ ते ११ वर्षं लागतात. द्राक्षावरचं आजचं बहुतेक औषध दिवसांत मोजायचं, हे वर्षांत. माणसाच्या अंगात ते धुरापेक्षा अन्नातून जास्त येतं, ९० टक्क्यांहून अधिक, आणि तेही मुख्यतः दूध, मांस, मासे, अंडी यांतून. आता तुमच्या अंगणात बघा. बंबातली राख परड्यातल्या मेथीला घालता. उरलेली राख कोपऱ्यात पडते, तिथे कोंबड्या उकरतात. त्या कोंबडीचं गावरान अंडं आपण मुलीला पौष्टिक म्हणून देतो. कचरा जळतो त्या जागेभोवती मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्यांच्या अंड्यांत डायॉक्सिन वाढलेलं जगात अनेक ठिकाणी मोजलं गेलंय. त्यामुळे लाकडाचीच राख असेल तर खुशाल भांड्यांना लावा, पालेभाजीला घाला. बंबात प्लास्टिक गेलं त्या दिवशीची राख घरात वापरू नका. ठिबकच्या जुन्या नळ्या आणि मल्चिंग पेपर बांधावर पेटवणंही थांबवा; भंगारवाला नळ्या घेतो.

सासूबाईंना डायॉक्सिन सांगून उपयोग नाही. त्यांना एवढंच सांगा की त्या राखेवर कोंबड्या चरतात आणि नात ते अंडं खाते. बंबाशेजारी वाळलेल्या काड्यांची आणि कणसाच्या बुरकुंडांची एक पाटी भरून ठेवा. जाळ पटकन लागला की पिशवीची गरजच उरत नाही.

आणि शेंगदाणे. तुमच्या प्रश्नात ते नव्हतेच, पण माझ्या मते तुमच्या घरात सगळ्यात आधी बघायची गोष्ट तीच. ॲस्परजिलस फ्लेव्हस नावाची पिवळसर हिरवी बुरशी शेंगेवर वाढते आणि अफ्लाटॉक्सिन बनवते. ते कुठल्या कंपनीचं नाही, कुठल्या बाटलीतून आलेलं नाही, शंभर टक्के नैसर्गिक आणि सेंद्रिय आहे. आणि माणसाच्या यकृताला कॅन्सर करणाऱ्या पदार्थांत त्याची गणना पहिल्या गटात होते. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी मेले, त्यांच्या खाद्यातल्या शेंगपेंडीत हे विष सापडलं आणि तेव्हा ते जगाला कळलं. १९७४ साली गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागात बुरशी धरलेला मका खाऊन शंभरावर माणसं गेली. आपल्याकडे काढणीच्या वेळी परतीचा पाऊस आला, शेंगा ओल्याच पोत्यात भरल्या, की बुरशीला आमंत्रणच. भाजल्यानं अफ्लाटॉक्सिन थोडं कमी होतं, जात नाही. उकळल्यानंही जात नाही.

पण याला हाताचा उपाय आहे, आणि तो आपल्या आज्यांना ठाऊक होता. सुपात दाणे घ्यायचे आणि निवडायचे. पोत्यातलं बहुतेक विष थोड्याच दाण्यांत एकवटलेलं असतं: सुरकुतलेले, काळपट, आतून हिरवट-करडे, चवीला कडू. असा दाणा तोंडात आला तर गिळू नका, थुंकून टाका. चटणीसाठी कूट करताना सगळं एकजीव होतं, म्हणून कूट करण्याआधी निवडणं फार महत्त्वाचं. शेंगा वाळवताना ओलावा ८ टक्क्यांच्या आसपास यायला हवा. हलवल्यावर दाणा शेंगेत खुळखुळला पाहिजे, एवढी खूण घरी पुरे.

निवडून काढलेल्या वाईट दाण्यांचं काय करता? म्हशीला. बुरशी आलेली पेंडही म्हशीलाच. इथेच घात होतो. पेंडीतलं अफ्लाटॉक्सिन म्हशीच्या अंगात बदलतं आणि दुधात एम१ नावानं उतरतं, खाल्लेल्याच्या साधारण १ ते ३ टक्के, एका दिवसाच्या आत. दूध उकळून ते जात नाही. दुधाला आपल्या देशात मर्यादा आहे किलोला ०.५ मायक्रोग्रॅम. चांगली गोष्ट ही की वाईट पेंड बंद केली की तीन-चार दिवसांत दूध पूर्वीसारखं होतं. तेव्हा ते दाणे खड्ड्यात पुरा, म्हशीला देऊ नका. घाण्याचं तेल काढत असाल तरीही दाणा निवडूनच द्या. विष पेंडीत जास्त जातं, पण घाण्याच्या तेलातही थोडं उतरतं. मुलीला हेपॅटायटिस बीची लस झाली आहे ना, तेही कार्डावर बघा. ती कावीळ आणि अफ्लाटॉक्सिन एकत्र आले की यकृताच्या कॅन्सरचा धोका नुसत्या एकाच्या तुलनेत कितीतरी पटींनी चढतो. बाळांना ही लस सरकारी दवाखान्यात फुकट देतात.

हळदीचं थोडक्यात. सांगलीत राहून पाकिटातली पूड घ्यायचं कारण नाही. अख्खी हळकुंडं घ्या आणि समोर दळून घ्या. भेसळीला मेटॅनिल यलो हा कृत्रिम रंग वापरतात. तो कापड आणि कागद रंगवायचा, खायचा नव्हे. आणि फारच चकचकीत पिवळं हळकुंड दिसलं तर ते घेऊ नका, मळकट दिसणारं उचला.

डीडीटी आणि एंडोसल्फानबद्दल कुणी विचारलं तर सांगा, शेतीत डीडीटी १९८९ पासून बंद आहे आणि एंडोसल्फानवर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बंदी घातली. डीडीटी जमिनीत वर्षानुवर्षं टिकतं, म्हणून जुन्या मातीच्या नमुन्यात त्याची टोकं मला अजून दिसतात. आज तुमच्या ताटात ती काळजीची गोष्ट नाही.

राहिला पहिला प्रश्न. बागेतली द्राक्षं मुलीला द्या. द्यायच्या आधी मालकांची फवारणीची वही मागून घ्या. निर्यातीला नाव नोंदवलेली बाग असेल तर वही असतेच, नसेल तर आजपासून घाला. शेवटच्या पानावर कोणतं औषध, कोणत्या तारखेला, एकरी किती, हे लिहिलेलं असेल. बाटलीवरच्या माहितीपत्रकात पीएचआयचे दिवस असतात, ते तारखेत मिळवा. जी तारीख येईल त्याच्या आधी मुलीला मांडवाखाली घड तोडून खाऊ देऊ नका; नंतर सोड्याच्या पाण्यातून काढून पोटभर खाऊ द्या. वहीत तारीख सापडली नाही, तर घरासाठी बांधाकडेच्या दोन वेली राखून ठेवा आणि मणी भरल्यापासून त्यांच्यावर काहीच मारू नका. भुरी थोडी येईल, घड विकायला जाणार नाही, पण खायला गोडच असेल. ब्लोअरचा झोत त्या ओळीकडे येऊ नये म्हणून शेजारच्या ओळीला त्या बाजूचे नोझल बंद ठेवायला सांगा.